बाजूची सीट

विजेची गाडी घेतलेल्यांना फोन करून विचारायचं, "दहापैकी किती गुण द्याल?" एवढंच माझं काम. चार वर्षं तेच विचारून विचारून माझी जीभ झिजली.

माणूस गाडीत एकटा असला की सहाच्या वर जात नाही. चार्जिंगला रांग असते, थंडीत बॅटरी लवकर उतरते, हे रडगाणं वर ऐकावं लागतं. शेजारी बायको असली की तोच माणूस दहा देतो. तिचं न ऐकता गाडी घेतलेली असते, आता तिच्यासमोर कोण कबूल करणार?

हे मी साहेबांजवळ बोलून बसले. बाजूच्या सीटवर कुणी बसलंय का, हे कंपनीला गाडीकडूनच कळतं. साहेबांनी हुकूम काढला, यापुढे ती सीट भरलेली असेल तेव्हाच फोन करायचा. महिन्याभरात सरासरी सहावरून नवावर गेली. मला प्रमाणपत्र मिळालं.

काल दुपारी शेजारच्या टेबलावरची मैत्रीण फोन ठेवून म्हणाली, "अगं, तुझ्या नवऱ्यालाच लागला होता. दहा दिले त्यांनी. फार खुशीत होते."

सकाळी मला ऑफिसला सोडून हे एकटेच पुढे गेले होते.

मी त्यांच्या नावापुढे दहा लिहिले. मग साहेबांच्या खोलीत जाऊन विचारलं, सीटवर बसलेल्या माणसाचं वजन किती, तेही कंपनीला कळतं का.