आवाज न करणारं कानातलं

चष्म्याच्या दुकानाच्या मालकांनी एका सोमवारी, शटर वर करायच्या आधीच सांगून टाकलं, "बाई, या महिनाअखेर दुकान बंद. लेकीकडे राहायला जातोय. माझेच डोळे अधू झाले आणि मी लोकांचे नंबर काढतोय, हसतील लोक."

वहिनी त्या दुकानात मागच्या टेबलावर बसून चष्मे दुरुस्त करायची. स्क्रू बसवायचे, नाकावरच्या गाद्या बदलायच्या, काडी गरम करून कानामागे नीट बसेल अशी वळवायची. लग्न होऊन आली तेव्हापासून हेच काम. गल्लीतली लहानथोर सगळी तिला वहिनीच म्हणायची, कारण तिची नणंद बेबी तिला वहिनी म्हणायची, आणि बेबी जे बोलायची ते सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. बेबी टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती. जुन्या लाइनवर ओरडून ओरडून आवाज जो चढला तो निवृत्त झाल्यावरही उतरला नाही. साठीला टेकली तरी घरादाराची बेबीच, आणि राहायला बरोब्बर वरच्या मजल्यावर.

दुकान आवरताना मालकांनी वहिनीच्या टेबलाचा खण तिच्याच ओटीत रिकामा केला. बारीक पकडी, कानशी, छोटी करवत, भिंगाचा दिवा. वर फॅशन गेलेल्या फ्रेमचं एक खोकं दिलं. "विकल्या जात नाहीत, टाकवत नाहीत. तूच बघ काय करायचं ते."

मग काही दिवस वहिनीने घर इतकं घासूनपुसून ठेवलं की दादांना स्वतःच्या चपला सापडेनात. दादा म्हणजे तिचा नवरा, बेबीचा थोरला भाऊ. शाळेची बस चालवायचे. दिवसभर पोरांचा कलकलाट ऐकल्यावर घरी त्यांना बोलायची फारशी हौस नसे. पण एका संध्याकाळी तेही म्हणाले, "हातांना काहीतरी काम दे बाई. माझे पायमोजेसुद्धा इस्त्री करायला लागलीस."

दुसऱ्या दिवशी वहिनीने खोकं उघडलं. एक हिरवट फ्रेम उचलली, तिची काडी कापली, तुकडा थेंबाच्या आकारात घासला आणि जुन्या धोतराच्या फडक्याने बराच वेळ चोळला. वरचा धुरकट थर गेला तशी आतली नक्षी दिसायला लागली, हिरव्यात पिवळ्या रेघा. तिने वरच्या टोकाला भोक पाडलं आणि एक हूक अडकवला.

बेबी चहाला खाली आली तेव्हा टेबलभर भुसा होता.

"हे काय चाललंय?"

"चष्म्याच्या काड्या कापतेय. कानातलं होईलसं वाटतंय."

बेबी खुर्चीत बसली. "नणंदा काड्या करतात म्हणे. आमच्याकडे भावजयच करते." तिने तो थेंब उचलून कानाशी धरला आणि भिंतीवरच्या आरशात पाहिलं. मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, "जोडी कर. मी घालते."

बेबीने ते घालून गल्लीत एक फेरी मारली. परत आली ती चार बायकांची मागणी घेऊन.

वहिनीला चष्म्यातलं सगळं कळत होतं, दागिन्यातलं काहीही नाही. भोक कडेला फार जवळ पाडलं की तुकडा चिरायचा. थेंब हुकाला जोडणारी बारीक कडी दोन्ही बाजूंना ओढून उघडली की तिचा गोलपणा जायचा आणि ती पुन्हा नीट मिटायची नाही. ती ओढायची नसते, पिळायची असते, हे बऱ्याच कड्या वाया गेल्यावर लक्षात आलं. एका जोडीतले दोन्ही थेंब एकाच बाजूला तोंड करून लटकायला लागले. बेबी म्हणाली, "एक रुसलीय आणि दुसरी तिच्या मागून चाललीय." डाव्या कानाचं आणि उजव्या कानाचं एकमेकांच्या आरशातल्यासारखं करावं लागतं, हे वहिनीने तेव्हा शिकून घेतलं. तिला मजा यायला लागली होती. सकाळी दादा बस काढायला गेले की ती खिडकीशी बसायची, मग तिला दुपारच्या जेवणाचीही शुद्ध नसायची.

मग कोपऱ्यावरची बेकरीवाली दारात आली. तिने कानातलं कागदात गुंडाळून आणलं होतं. कानाच्या पाळ्या लाल होऊन सुजल्या होत्या.

"वहिनी, सुंदर आहे गं, पण मला मानवलं नाही."

वहिनीने भिंगाचा दिवा ओढून तिचे कान पाहिले आणि तिचा चेहरा पडला. हे तिने नाकांवर कितीदा पाहिलं होतं. स्वस्त धातूच्या फ्रेमने अशीच पुरळ उठायची आणि ती लोकांना सांगायची, फ्रेम बदला. हूक मात्र तिने बाजारातून हाताला लागले ते आणले होते.

"तुझी चूक नाही, माझी आहे," ती म्हणाली. "तू बस. मलम देते."

बेकरीवाली गेल्यावर वहिनीने चपला घातल्या. आतापर्यंत ज्यांनी ज्यांनी कानातलं नेलं होतं त्यांच्या घरी जाऊन ते परत आणायचं, असं तिने ठरवलं.

"बाकी कुणी तक्रार केलीय का?" बेबी जिन्यातून म्हणाली. "मग आपणच जाऊन आपल्या चुकीचा डंका कशाला पिटायचा? झाकली मूठ राहू दे की."

"तुझे कान बघू."

बेबीने केसांनी कान झाकले. वहिनीने केस बाजूला सारले. पाळी लालबुंद होती.

"खाजतं थोडं," बेबी म्हणाली. "पण चांगलं दिसतं म्हणून काढलं नाही."

मग दोघी मिळून घरोघरी गेल्या. वहिनी खाली मान घालून सांगायची आणि बेबी तेच जिन्याच्या तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल असं सांगायची. वहिनीने सगळ्या जोड्यांचे हूक काढून चांगल्या स्टीलचे घातले आणि परत नेऊन दिल्या. एकीने काय ते राहू दे म्हणून नाद सोडला. बाकीच्यांनी मात्र परत घेतल्या, आणि दोघीतिघींनी बहिणीसाठी अजून एक कर म्हणून सांगितलं.

सार्वजनिक वाचनालयाच्या अंगणात सुटीच्या दिवशी हातकामाच्या वस्तूंचा बाजार भरायचा. बेबीने परस्पर एक टेबल मिळवलं. वहिनीने पांढरी चादर अंथरली, जोड्या ओळीने मांडल्या आणि स्वतः टेबलामागे अशी बसली की फक्त केसांचा अंबाडा दिसावा. कुणी जोडी उचलली की ती पुटपुटायची, "त्याची मागची बाजू जरा खरखरीत राहिलीय." माणूस जोडी ठेवून पुढे जायचा.

"तू विकायला बसलीयस की साक्ष द्यायला?" बेबीने विचारलं आणि तिला मागे सरकवून स्वतः पुढे उभी राहिली. त्यानंतर माल उचलला जायला लागला. शेजारची मेणबत्तीवालीसुद्धा आपलं गिऱ्हाईक सोडून बेबीचं बोलणं ऐकत राहिली.

दुपारी वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई तिथे आल्या. उंच, शांत, पिकलेले केस मोकळे सोडलेले. त्यांनी एक मधाच्या रंगाची जोडी बराच वेळ हातात धरली आणि परत ठेवली.

"घालून बघा की," बेबी म्हणाली.

बाईंनी केस मागे घेतले. कानामागे यंत्र होतं, त्यातून एक बारीक नळी कानात गेली होती. "कानातलं घातलं की नळीला लागतं. तुम्हाला कळणार नाही, पण मला आत कुणीतरी भांडी आपटतंय असं ऐकू येतं. तरुणपणी सोडून दिलं ते सोडूनच दिलं." त्या हसल्या. "पुढच्या महिन्यात माझा निरोपसमारंभ आहे. उगीच वाटलं एकदा."

वहिनी उठून टेबलाच्या पुढे आली. आख्ख्या दिवसात पहिल्यांदाच.

"मी तुमचा कान बघू का?"

तिने कान पाहिला, चष्म्याची काडी बसवताना पाहायची तसा. पाळी किती खाली येते, नळी कुठून वळते, मान वळवली की काय कुठे सरकतं. ती काही बोलायच्या आत बेबीने जाहीर केलं, "होऊन जाईल. समारंभाच्या आधी तुमच्या हातात."

बाजार आवरल्यावर वहिनी भडकली. ती भडकायची तेव्हा आवाज अजूनच खाली जायचा. "तू शब्द कसा दिलास? मला जमेल की नाही हे मलाच ठाऊक नाही. तुला बोलायला काय जातं?"

"मला वाटलं तुला जमेल."

"तुला वाटलं."

त्यांना न्यायला आलेले दादा खोकं बसमध्ये ठेवत होते. ते म्हणाले, "आता दिलाय शब्द. घरी चला, भूक लागलीय."

पहिल्या खेपेला वहिनीने थेंब लहान केला. ग्रंथपाल बाई घरी आल्या, घालून त्यांनी मान हलवली आणि कपाळाला आठी पडली. "टिकटिक होतेय." धातूची कडी हुकावर आपटत होती. वहिनीने कडी काढून मेणाचा दोरा बांधला. टिकटिक थांबली, पण दोऱ्यावर थेंब फिरायचा आणि फिरून नळीला जाऊन भिडायचा. बाई बिचाऱ्या म्हणाल्या, राहू द्या, एवढा त्रास कशाला. वहिनीने ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं.

मग तिने लटकवायचाच विचार सोडला. काडीचा पातळ तुकडा घेतला, गरम पाण्यात मऊ केला आणि पाळीच्या वळणाला धरून वाकवला, जशी ती लोकांच्या कानामागे काडी वाकवायची. तो पाळीला खालून बिलगून बसला. त्याखाली दोऱ्याच्या गाठीवर एक छोटा मणी ठेवला, तोही नळीपासून लांब, पुढच्या बाजूला. किती तुकडे मोडले ते तिने कुणाला सांगितलं नाही.

ग्रंथपाल बाई तिसऱ्यांदा आल्या. त्यांनी घातलं. मान हलवली. स्वयंपाकघरातून दारापर्यंत चालत गेल्या, जिना उतरल्या, चढून वर आल्या. बेबी दारात उभी होती.

"काही येतंय का कानावर?" वहिनीने विचारलं.

"कुकर. रस्त्यावरची सायकल. आणि वर कुणाच्या तरी घरी नळ चालू राहिलाय." बाई आरशापुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी केस कानांमागे घेतले. यंत्र, नळी, मधाच्या रंगाचा तो तुकडा, सगळं उघड दिसत होतं. त्यांनी केस तसेच राहू दिले.

"नळ माझा असणार," बेबी म्हणाली आणि वर पळाली.

समारंभाला आलेल्यांपैकी कुणीतरी ते कानातलं पाहिलं आणि कान तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी त्यांच्याकडे येणाऱ्या बायकांना सांगितलं. हळूहळू वहिनीच्या स्वयंपाकघरात एकेक जण यायला लागली. कुणाचं यंत्र आत बसणारं, कुणाचं बाहेर, कुणाची पाळी चिरलेली. शाळेत जाणारी एक मुलगी आली. तिला झाकायचं नव्हतंच. तिला लालभडक हवं होतं आणि यंत्राला शोभेल असं हवं होतं. वहिनीने खोक्यातल्या तळाच्या फ्रेम काढल्या, ज्यांना पूर्वी कुणी हात लावला नव्हता.

गर्दी झाली तशी दादांना जेवायला टेबल उरलं नाही. ते ताट घेऊन पलंगावर बसायचे. मग एक दिवस त्यांनीच बाजारातल्या घड्याळजीशी बोलणं केलं. घड्याळं दुरुस्तीला फारशी येत नव्हती. दुकानाची निम्मी काच आणि खिडकीजवळचं टेबल तो द्यायला तयार होता. अट एकच होती.

"तुमच्या बहिणीने दुकानात हळू बोलायचं," घड्याळजी म्हणाला. "मला टिकटिक ऐकून काम करावं लागतं."

दादांनी निरोप घरी जशाच्या तसा दिला. वहिनीने नणंदेकडे पाहिलं.

"बोलेन की हळू," बेबी म्हणाली, आणि ते शेजारच्या इमारतीतही ऐकू गेलं.

तिने खरंच प्रयत्न केला. आता तिचा आणि वहिनीचा एक करार होता. वहिनीला विचारल्याशिवाय कुणाला तारीख द्यायची नाही. बेबी तो बहुतेक वेळा पाळायची. पहिल्या सकाळी दोघींनी मिळून काच आतून-बाहेरून पुसली. बेबीने काचेत जोड्या मांडल्या, उचलल्या, पुन्हा मांडल्या. घड्याळजीने डोळ्यावरचं भिंग वर करून तिच्याकडे पाहिलं आणि तिने तोंडावर बोट ठेवलं. वहिनी उजेडाकडे तोंड करून बसली, टेबलावर फडकं अंथरलं आणि एक निळी काडी करवतीखाली घेतली.