उरलेले सूर

"तुझी कवळी शिट्टी मारते," व्हर्जिल म्हणाला. "तिसऱ्या ओळीत नेमकी मारते, आणि तिथंच सगळं फाटतं."

एल्वुडने जिभेने वरचे दात चाचपले. "दोन वर्षं झाली तिला. आता ती बायकोपेक्षा माझं जास्त ऐकते."

"मग बायकोला गायला पाठव."

"पुरे रे," ओडेल म्हणाला. "दुकान आहे हे माझं. भांडायचं असेल तर बाहेर बर्फात जा."

शनिवारी दुपारी शेवटचं गिऱ्हाईक गेलं की ओडेल दारावरची पाटी उलटी करायचा, खाली पडलेले केस झाडून घ्यायचा, आणि मग हे चौघं त्याच्या लाल खुर्चीभोवती उभे राहायचे. हे गाणंच मुळात असल्या न्हाव्यांच्या दुकानांतलं. वाद्य नाही, काही नाही. चार माणसं आणि चार सूर. ओडेल मुख्य चाल म्हणायचा. त्याच्या वर एल्वुडचा बारीक टेनर, तळाला क्लेटसचा खर्ज. या तिघांचं घेऊन झाल्यावर जे सूर उरतील ते बॅरिटोनचे, म्हणजे व्हर्जिलचे. बॅरिटोन म्हणजे पंगतीत शेवटी बसलेला माणूस. त्याचं गाणं वेगळं असं कुणाला ऐकू येत नाही, पण तो उठून गेला तर पान रिकामं दिसतं.

चौघांचे सूर चोख जुळले की छताजवळ कुठंतरी पाचवा आवाज ऐकू येतो. तो कुणीच गात नसतं. त्या आवाजासाठीच ही माणसं जन्मभर गात आली. गेली दोन वर्षं मात्र तो आला नव्हता. आधी चर्चच्या तळघराचं छत ठेंगणं ठरलं, म्हणून ते अग्निशमन केंद्रात गेले. तिथला पत्रा घुमतो म्हणून इथं आले. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. यांनी तर तीन अंगणं बदलली. अखेर सगळं खापर एल्वुडच्या कवळीवर फुटलं, आणि ते फोडण्यात व्हर्जिल सगळ्यांत पुढे होता.

त्याला घाईही तशीच होती. मे महिन्याच्या अखेरच्या सोमवारी, स्मरणदिनी, गावच्या दफनभूमीत युद्धात पडलेल्या सैनिकांसाठी हेच लोक गात आले होते. त्या सैनिकांच्या थडग्यांच्या रांगेत व्हर्जिलचा थोरला भाऊ होता. गेल्या वर्षी ऐकणाऱ्यांनी माना खाली घातल्या, त्या दुःखाने नव्हे. कमिटीने आडून न बोलता सांगून टाकलं होतं, यंदा नीट जमत असेल तर गा, नाहीतर आम्ही स्पीकरवर रेकॉर्ड लावतो. स्पीकरवर! व्हर्जिलला नुसत्या कल्पनेने अन्न गोड लागेना. सारा हिवाळा त्याने नवे आवाज शोधण्यात घालवला. गुरांच्या खाद्याच्या दुकानात, लॉन्ड्रीत, चर्चच्या दारात कागद चिकटवले. दुखऱ्या गुडघ्याने दारोदार फिरला. तरुण पोरं हसून दार लावून घेत. एवढ्या खटाटोपातून हाती लागली एकटी ग्रेचेन पोल, शाळेची बस चालवणारी.

ती आज येणार होती, आणि व्हर्जिलने एल्वुडला न सांगता मनाशी बेत पक्का केला होता. बाईमाणूस आहे, वरचा सूर सहज लागेल. एल्वुडला घरी बसवायचं.

ग्रेचेन बूट आपटत आत आली. चाळिशीतली, रुंद खांद्यांची. "उशीर झाला, माफ करा. एका पोराने बसमध्ये ओकून ठेवलं होतं काल, ते अजून धुतेय."

"गाण्याला तेवढा उशीर चालतो," क्लेटस म्हणाला.

"तुम्ही टेनर घ्या," व्हर्जिल म्हणाला. "एल्वुड जरा दम खाईल."

एल्वुड एवढा बोलका माणूस, पण त्याने नुसती टोपी काढून हातात धरली.

"टेनर?" ग्रेचेन व्हर्जिलकडे बघून हसली. "मिस्टर क्रांट्झ, मी वर गेले तर कुत्री भुंकतात. माझे वडील बॅरिटोन गायचे. ट्रकमध्ये त्यांच्याशेजारी बसून मला तेवढंच आलं. लोकांच्या पोरी चाल शिकतात, मला नुसतं उरलंसुरलं येतं."

"मग ते गा," ओडेल म्हणाला. "व्हर्जिल, तू बस जरा. ऐक कसं वाटतं ते."

व्हर्जिल लाल खुर्चीत बसला. ओडेलने सूर द्यायचा पिच पाइप फुंकला आणि चौघांनी सूर धरला. या लोकांचा एक दंडक आहे: चौघं उभे राहून गात असले की पाचव्याने तोंड मिटायचं, गुणगुणायचंसुद्धा नाही. प्रत्येक सूर तोंडपाठ असलेला व्हर्जिल ओठ मिटून बसला. तिसरी ओळ आली. आता फाटणार, असं म्हणून त्याने एल्वुडच्या तोंडाकडे पाहिलं.

एल्वुडचे डोळे मोठे झाले. क्लेटसने गाता गाताच हळूच मान वर केली. ओडेलही वर बघत होता, छताकडे, आणि त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं. शेवटचा सूर त्यांनी धरून ठेवला, श्वास संपेपर्यंत धरून ठेवला.

व्हर्जिलला चार आवाज ऐकू आले. चारच.

म्हणजे छत ठेंगणं नव्हतं. पत्राही घुमत नव्हता. व्हर्जिल सारा जन्म पाणीपुरवठ्याच्या घणघणत्या पंपांमध्ये उभा राहिला होता, कानांत बोळे घालायचे असतात हे तेव्हा कुणाला माहीत होतं? ते कान कधी गेले, आणि त्यांच्याबरोबर त्याचा सूर कधी सरकला, त्याला कळलंच नाही. कळलं असतं तर निदान त्या बिचाऱ्या कवळीच्या मागे तो लागला नसता. त्याला एल्वुडकडे बघायची लाज वाटली.

एल्वुडला आता हवं ते बोलता आलं असतं, दोन वर्षांचं सगळं व्याजासकट. त्याने टोपी डोक्यावर ठेवली, नीट केली आणि म्हणाला, "आज हवा कोरडी आहे. कोरड्या हवेत येतो कधीकधी."

"हो, हवाच," क्लेटस म्हणाला.

ग्रेचेन बाजूला सरकली. "आता तुम्ही या ना, मिस्टर क्रांट्झ. तुमची जागा आहे."

तिघं मित्र त्याच्याकडे बघत होते. तो उठला असता तर कुणी अडवलं नसतं. मेमध्येही नसतं अडवलं. माना खाली घालून ते त्याच्याबरोबर गायले असते, आणि पुढच्या वर्षी तिथं स्पीकर लागला असता.

"नको," व्हर्जिल म्हणाला. "तूच उभी राहा. मेमध्येही तूच. दुसऱ्या ओळीत श्वास जरा आधी घेतेस, तेवढं सांभाळ." मग तो एल्वुडकडे वळला. "आणि तुझी ती कवळी..."

"काय झालं कवळीला?"

"छान आहे."

"महागाची आहे लेका," एल्वुड म्हणाला, आणि त्याने व्हर्जिलच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात व्हर्जिलला फार जड वाटला.

घरी व्हर्जिलची बायको आयरीन बटाटे कुस्करत होती. "मिळालं का कुणी?"

"मिळाली. बॅरिटोन आहे."

"अरे, पण बॅरिटोन तर तू..." ती थांबली. मग तिने कुस्करून झालेले बटाटे पुन्हा कुस्करायला घेतले. "हात धुऊन ये. गार होतंय."

लग्न झाल्यापासून आयरीन बाथरूमच्या दारामागून तो गुणगुणायचा ते उरलेले सूर ऐकत आली होती. त्यावरून गाणं कुठलं ते तिला एकदाही ओळखता आलं नव्हतं, आणि त्यावरून ती त्याला कायम चिडवायची. व्हर्जिलने दार लावलं, नळ सोडला आणि साबण लावून तो हात धूत राहिला, कितीतरी वेळ.

"व्हर्जिल?" दारावर टकटक झाली. तिने दोनदा हाक मारली असावी. "बरा आहेस ना?"

"आहे की. का गं?"

"काही नाही," ती मोठ्याने म्हणाली. "आवाज आला नाही, म्हणून विचारलं."