बुधीचे पांढरे उंदीर

मित्रांनो, मी पिंजरा. सागाची चौकट, तारेची जाळी आणि दोन खणांच्या मधे एक सरकती फळी, एवढाच माझा संसार. १९५८ साली डहाणूच्या मोतीराम सुतारांनी मला घडवले आणि गावाबाहेरच्या उंदीरघरात मी दाखल झालो.

तेव्हा मुंबईत डांग्या खोकल्याची लस तयार होई. ती दमदार आहे की नाही, हे आधी उंदरांवर तपासत. पण कोणत्या वाणाच्या उंदरांवर? तेच पारखायला दोन वाण माझ्या दोन खणांत वाढत होते. आमच्या डॉक्टर वेणूताई सांगत, "काही उंदीर इतके चिवट, की लस कमकुवत असली तरी जगतात. मग लसीचा दोष कळणार कसा? फरक दाखवील तोच वाण आपला."

उंदरांना सांभाळायला होती जवळच्या उधवा गावची बुधी. दाणे घालायची, पाणी बदलायची, खाली भाताचे तूस पसरायची.

एका दुपारी झाडलोट करताना तिच्याकडून फळी उघडी राहिली. पाहते तो दोन्हीकडचे उंदीर एक झालेले! सगळे पांढरेशुभ्र. निम्मे इकडे, निम्मे तिकडे घातले असते, तर कोणाला कळले असते? बुधी माझ्यावर हात ठेवून उभी राहिली. मग ती ताईंकडे गेली.

"ताई, उंदीर मिसळलं. चूक माझीच. कुठला कुठचा, मला नाय कळत."

वेणूताईंनी हातातली नोंदवही मिटली. "आठ महिन्यांचं काम गेलं गं! नोकरी जाईल, असं नाही वाटलं तुला?"

"वाटलं ना. पन माझी धाकली पोर खोकून खोकून गेली, ताई. उद्या कुनाच्या पोराला पान्यासारखी लस टोचली तं?"

ताईंनी मुंबईहून नव्या जोड्या मागवल्या आणि बुधीच्याच हाती दिल्या. पुढे योग्य वाण ठरला. त्याच्यामुळे लसीचा एक अख्खा साठा कमकुवत असल्याचे कळले आणि तो फेकला गेला. मात्र माझ्यातून मुंबईला तपासणीसाठी गेलेला एकही उंदीर परत आला नाही. उंदीर नेणारी गाडी गेली की बुधी रिकामा खण लगेच धूत नसे. जरा वेळ नुसती बसून राही.

१९६४ मध्ये उधव्याला लस पोचली. बुधीची नात भिकी हिलाही टोचली. दुसऱ्या दिवशी बुधी हसत आली. "काय रडली, ताई! पन माझ्या धाकलीवानी दम नाय लागला तिला."

आता उंदीरघर बंद आहे. माझी जाळी गंजली आहे. मित्रांनो, सुई टोचली की खुशाल रडा. पण तुमच्या भरवशावर जगणारा जीव बोटाएवढा असला, तरी त्याचे पाणी रोज बदला. आणि हातून चूक झाली, तर ती त्याच दुपारी सांगून टाका.