जेव्हा कधी

माझा भाऊ मुहरेम सुऱ्या घडवायचा. आमच्या फोचा गावात त्या काळी सुऱ्यांची बरीच दुकानं होती, पण लांबलांबची गिऱ्हाईकं त्याच्याकडंच यायची. एकोणीसशे चौतीसच्या शरदात त्यानं दुसरी बायको केली. तिचं नाव इफेता. विधवा होती. द्रीना नदीपलीकडे तिचं स्वतःचं घर होतं आणि आलुबुखाराची मोठी बाग.

पहिल्या बायकोला, माझ्या देवलेतावहिनीला, त्यानं ही गोष्ट जेवताना सांगितली. वहिनी मेय्राला भरवत होती. मेय्रा त्यांची मुलगी, सहा वर्षांची, नुकती गोवरातून उठलेली. वहिनीनं चमचा खाली ठेवला नाही. "बरं," म्हणाली आणि भरवत राहिली.

तिच्या त्या 'बरं'नं मुहरेमला चेव आला. हाफिज रशीदची लेक आहेस, चार बायका चालतात हे तुला सांगायला नको, असं काहीतरी तो बोलला.

"चार चालतात ते ठाऊक आहे," वहिनी म्हणाली. "चौघींना सारखं वागवायचं, तेही ठाऊक आहे. आणि माझ्या निकाहात काय ठरलं होतं तेही."

मुहरेम उठून गेला. माझी आई, शेम्सा, चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. ती फक्त हसली, आणि ते हसणं चांगलं नव्हतं.

आईचं आणि वहिनीचं पहिल्या दिवसापासून वाकडं होतं. वहिनीचे वडील मुलांना धर्म शिकवायचे, आणि त्यांनी मुलीलाही शिकवलं होतं. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिनं आईचा नमाजातला एक उच्चार दुरुस्त केला. आईनं तो पुढं मुद्दाम चुकीचाच म्हटला, अगदी मरेपर्यंत. पण खरं भांडण त्याच्याही आधीचं. निकाहाच्या वेळी हाफिज रशीदनं भरल्या खोलीत अट घातली होती, साधारण अशी: जावयानं दुसरी बायको आणली, तर माझी मुलगी स्वतःला तलाक देऊन मोकळी होईल. अशी अट धर्माला चालते, पण आमच्या गावात कुणी घालत नसे. मुहरेम तेव्हा वेडा झाला होता देवलेतापायी, लगेच 'कबूल' म्हणाला. इमामाला पुढच्या लग्नाची घाई होती. दाखल्यावर अट लिहायची राहून गेली. तो इमाम नंतर वारला, हाफिज रशीदही वारले.

इफेताशी लग्न झाल्यावर तीन महिने वहिनी आमच्याच घरात राहिली. मुहरेम एक रात्र इकडे, तीन रात्री तिकडे. मेय्राचा खोकला जाईपर्यंत ती थांबली असावी. मग जानेवारीत एका सकाळी बुरखा घेऊन काझीच्या कचेरीत गेली आणि तलाकचा अर्ज देऊन आली.

त्या दिवसापासून घरात बोलणं म्हणजे टोचणं झालं. आई म्हणायची, "कचेरीची पायरी चढून आलीस. आता माझी चूल कुठल्या तोंडानं पेटवतेस?"

"ज्या तोंडाला भूक लागते त्या तोंडानं," वहिनी म्हणायची.

मुहरेमच्या बाजूनं अवदागाकाका उभे राहिले. ते आमच्या वडिलांचे भाऊ, निकाहाच्या दोन साक्षीदारांपैकी एक. अट नव्हतीच असं ते म्हणाले नाहीत. तेवढं खोटं त्यांना पचलं नसतं. त्यांनी बारीक वाट शोधली. हाफिज 'तर' एवढंच म्हणाले होते, असं त्यांनी सांगितलं: दुसरी बायको आणली तर मुलगी मोकळी. आता नुसतं 'तर' असेल, तर बायकोनं बातमी कळल्या बैठकीतच आपला निर्णय सांगायला हवा. ती उठली, कामाला लागली, की हक्क गेला. वहिनी तर भरवतच राहिली होती. पण हाफिज 'जेव्हा कधी' म्हणाले असतील, 'ती जेव्हा कधी म्हणेल तेव्हा,' तर हक्क तीन महिन्यांनीही राहतो, तीन वर्षांनीही. सगळा खटला त्या दोन शब्दांवर येऊन बसला.

वहिनीकडून दुसरा साक्षीदार होता, मशिदीत बांग देणारा इब्रीश, म्हातारा पण शुद्धीत. तो म्हणाला, 'जेव्हा कधी' म्हणाले होते. पण एक पुरुष पुरत नाही. एक पुरुष असेल तर दोन बायका लागतात. निकाहाच्या दिवशी दाराआड तीन बायका उभ्या होत्या. एक वहिनीची पाशामावशी. दुसरी शेजारीण, ती इस्तंबूलला निघून गेली होती. तिसरी माझी आई.

वहिनीनं आईचं नाव साक्षीदार म्हणून दिलं. हे कळल्यावर मुहरेम इतका हसला की त्याला ठसका लागला.

खटल्याच्या आदल्या दिवशी तो आणि अवदागाकाका आईला पढवायला आले. आई पिठाचे पातळ पापुद्रे ओढत होती, टेबलभर. काकांनी समजावलं की फार काही बोलायचं नाही, दार जाड होतं, ऐकू आलं नाही, एवढंच म्हणायचं.

"मला शिकवू नका," आई म्हणाली. त्यांनी तो होकार समजला. मीही तसंच समजले. वहिनी वरच्या खोलीत होती, तिला जिना उतरून पाणी प्यायलाही आईसमोरून जावं लागायचं, म्हणून ती तहानलेलीच बसली होती. मी तिला लपवून तांब्या नेऊन दिला. तिनं घेतला, पण मला म्हणाली, "तुझ्या आईला दिसलं तर तुलाही बोलेल. परत आणू नकोस."

काझीची खोली छोटी होती. शेगडी धुरकट. काझींना सर्दी झालेली, ते सारखे नाक पुसत होते आणि कुणाकडंच बघत नव्हते. काकांनी साक्ष दिली: 'तर'. इब्रीशनं दिली: 'जेव्हा कधी'. पाशामावशीनंही तेच सांगितलं, रडत रडत, म्हणून काझींनी तिला दोनदा विचारलं. मग आईला पुढं बोलावलं.

अवदागाकाका लगेच उठले, पढवूनही त्यांना भरवसा नसावा. म्हणाले, ही तर मुलाची आई, हिची साक्ष कशी चालेल.

"मुलाच्या बाजूनं असेल तर मी ऐकत नाही," काझी म्हणाले. "विरुद्ध असेल तर ऐकतो. बसा. बाई, तुम्ही काय ऐकलंत?"

आई बुरख्याआडून म्हणाली, "ही बाई मला आवडत नाही. आठ वर्षांत एक दिवस आवडली नाही. ते आधी लिहून घ्या."

"त्याची गरज नाही. ऐकलंत काय ते सांगा."

"दाराला लागून मीच उभी होते. हाफिज म्हणाला, दुसरी बायको आणली तर माझी मुलगी जेव्हा कधी म्हणेल तेव्हा मोकळी. माझा मुलगा म्हणाला, कबूल."

काझींनी पहिल्यांदा मान वर केली. "आठ वर्षं झाली. नेमका शब्द आठवतो?"

"भर लग्नात त्या माणसानं माझ्या मुलाच्या गळ्यात पट्टा घातला. अजून सरबत फिरलं नव्हतं. तो शब्द मी आठ वर्षं चावत बसलेय. मला आठवणार नाही तर कुणाला?"

मुहरेम जागेवरून म्हणाला, "आई, तू काय बोलतेस ते तुला कळतंय का?"

"तू कबूल म्हणालास तेव्हा तुला कळत होतं का?" आई म्हणाली आणि खाली बसली.

त्यानंतर फार वेळ लागला नाही. काझींनी वहिनीला विचारलं. तिनं स्वच्छ आवाजात सांगितलं, की ठरल्या अटीप्रमाणं मी स्वतःला तलाक दिला आहे. मी शेजारीच बसले होते. काझींनी लिहवून घेतलं: तीन महिने इद्दत, म्हणजे तलाकनंतर थांबायची मुदत, ती नवऱ्याच्याच घरात. मुलगी नऊ वर्षांची होईपर्यंत आईकडं, नंतर बापाला हवी असेल तर बापाकडं.

मेय्रा आपल्या घरातून जाणार, हे आईला साक्ष देताना ठाऊक होतं की नव्हतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. मेय्रावाचून तिचा एक घास उतरत नसे.

मुहरेम त्याच दुपारी कपडे घेऊन इफेताकडं गेला. जाताना आईला म्हणाला, की आजपासून तुला मुलगा नाही. दोन वर्षं त्यानं ते पाळलं. आणि आमच्या घरात इद्दतीचे तीन महिने आम्ही चौघी उरलो: आई, वहिनी, मी आणि मेय्रा. लोकांना वाटलं, आता दोघींचं जुळलं असेल. कसलं काय. आई वहिनीला आधी 'तू' तरी म्हणायची, आता माझ्यामार्फत बोलू लागली. नाफा, तिला सांग, दूध उतू जातंय. नाफा, तिला सांग, पाय पुसून ये. एकदाच वहिनीनं तिला समोरून विचारलं, की तुम्ही खरं का बोललात.

"तू या घरातून जावीस म्हणून," आई म्हणाली.

"मग उपकार नाही," वहिनी म्हणाली.

"नाहीच."

एप्रिलात वहिनी पाशामावशीकडं राहायला गेली आणि तिथं मुलींना शिकवू लागली. आई दर शुक्रवारी मावशीच्या फाटकापर्यंत जायची. आत कधी गेली नाही. वहिनी कधी बाहेर आली नाही. मेय्रा तेवढी यायची, आई तिच्या खिशात अक्रोड भरायची आणि दुपारपर्यंत दोघी पायरीवर बसायच्या.

मेय्राला नववं लागून संपलं तेव्हा मुहरेमचा हक्क सुरू झाला. वहिनीनं तिचं गाठोडं बांधून दाराशी ठेवलं. आईनं मुहरेमला निरोप पाठवला, मग पुन्हा पाठवला. इफेताच्या घरून उत्तर आलं, की सध्या बागेत छाटणी चालू आहे. चार दिवस गाठोडं तसंच होतं. पाचव्या दिवशी वहिनीनं ते सोडलं आणि कपडे परत खुंटीवर टांगले.