सपाट कडेचं तिकीट

एकाच टपाल तिकिटाचे छपाईचे प्रकार ती जमवायची, तेही फुकटात, घरी आलेल्या पाकिटांवरून. मोठ्या तावातल्या तिकिटाला चारही बाजूंना दाते असतात. छोट्या पुस्तिकेतल्याची एक कड सपाट असते. ते सपाट कडेचं दोन वर्षं मिळत नव्हतं. आज सासऱ्यांनी ते हातावर ठेवलं, तशी ती हरखली. मग दातेवाल्याशेजारी धरून पाहिलं, तर हे अंमळ अरुंद!

"बाबा, कात्री लावलीत?"

"अगं, दाते फाटले होते. बाळाची नखं कापतो ना, त्या कात्रीनं सरळ केले. झकास दिसतंय की नाही?"

"झकास. पण पुढचं फाटकंच द्या हं."

"तुझं सगळं उलटंच बाई!"

वहीतली सपाट कडेच्या तिकिटाची जागा तिने रिकामीच ठेवली आणि हे तिकीट खाली, समासात लावलं.