पाठ न टेकणारा कप्तान

सत्त्याण्णव सालच्या गणपतीत देखावा बसवणाऱ्या पिराजी मास्तरनं तालमीच्या मंडळापुढं विजयदुर्ग उभा केला. प्लायवूडचे बुरूज, निळ्या कापडाचा समुद्र, त्यात इंग्रजाचं गलबत. सजीव देखावा! कोल्हापुरात समुद्र न्हाय म्हणून कान्होजी आंग्र्याला कुणी वळखूच नये व्हय? इंग्रज त्याला चाच्या म्हणायचे, दर्यावरचा दरोडेखोर. पिराजीला एवढंच दाखवायचं हुतं, की ह्यो मराठ्यांच्या आरमाराचा सरखेल हुता, आन् आपल्या दर्यात त्यानं गोऱ्याला हरवला.

पण गोरा हरंल तर ना!

कप्तानाचं काम आकारामला, कारण तालमीत गोरा तेवढा त्योच. कान्होजी गुंडू. दोघंबी पैलवान. कान्होजीनं बुरजावरनं गलबतात उडी मारायची, कप्तानाला उताणा पाडायचा, की पडदा. पयल्याच दिवशी गुंडूनं पायात पाय घातला, तर आकारामनं उलटा डाव मारून सरखेलालाच फळीवर आपटला. पब्लिकनं शिट्ट्या मारल्या. पिराजीनं कपाळ बडवलं.

"आरं, पडायचं ठरलंय की!"

"पडतो की मास्तर. पर पाठ टेकनार न्हाय."

"का म्हनून?"

"आख्खी पेठ बघत्या. सासरा बघतोय. नाटक कोन ध्यानात ठेवतंय? आकाराम चितपट झाला, एवढंच राहील."

गुंडू बुरजाआडनं फुरफुरला, "मास्तर, खरंच धरू का त्याला?"

"गप रं, कान्होजी!"

रोज ह्योच तमाशा. इतिहास ऱ्हायला बाजूला, लोकं कुस्ती बघायला गर्दी कराय लागली. आन् रोज इंग्रजच उभा!

शेवटच्या दिवशी दुपारी पिराजी ताटावर बसला, आन् आकारामचं रडगाणं लावलं. बायको अंजना भाकरी थापता थापता म्हणाली, "अवो, त्या कान्होजीनं गोऱ्यासंगं कवा कुस्ती केलती का?"

"न्हाय."

"मग तुमीच कशाला लावलीसा?"

पिराजीला एकदम आठवलं. विजयदुर्गाजवळ पाण्याखाली एक भिंत हाय म्हणत्यात. परकं जहाज आत आलं, की तळ फाटतोय. तसाच उठला, गॅरेजातनं ट्रकचा जॅक आणला, गलबताखाली बसवला. गुंडूला बजावलं, "बुरजावर हुबा ऱ्हा. हललास तर मंडळातनं नाव काढतो."

संध्याकाळी गलबत किल्ल्याजवळ आलं. पिराजीनं मागं खोकं फोडलं, तळ फाटल्यागत कडाकडा आवाज! जॅक खाली, गलबत खाली, पोरांनी दोन्हीकडनं निळं कापड वर वढलं. आकाराम छाती काढून हुबाच, निळ्या कापडात कमरंपतोर, मग गळ्यापतोर, मग नुसती टोपी. गुंडू तलवारीवर हात ठेवून वरनं बघतोय. गर्दी टाचा उंचावून फुडं सरकली.

पेठ वडगावचा एक पावणा पुटपुटला, "आयला, हात न लावता बुडवला की!"

मग जी आरोळी उठली, कान्होजीच्या नावाची! पताका हादरल्या.

कापडाखालनं आकाराम वरडला, "मास्तर, टेकली न्हाय बरं का!"

"मुडद्या, बुडलास की रं!" पिराजी म्हणाला, आन् फुटक्या खोक्यावर बसून पोट धरून हसला.