एक्केचाळीस नंबरची गाडी

थोरली एकदा कशाच्या मागे लागली की लागली. साठी उलटली तरी ही खोड काही गेली नाही. गेली अठरा वर्षं तिने एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवला होता: बाबा ज्या कारखान्यात सीटा शिवायचे, तिथे ती बुटकी, लांब नाकाची रेसची गाडी एकूण किती बनली?

शेवटच्या गाडीवर नंबर चौसष्ट. म्हणजे चौसष्ट बनल्या, असं सगळे डोळे झाकून सांगत. थोरलीने पत्रं लिहून, फोन करून, परक्यांच्या गॅरेजात गुडघे टेकून त्रेसष्टांचा पत्ता लावला, भंगारात गेलेल्यांचासुद्धा. एक्केचाळीस मात्र कुठेच नाही. जुन्या गाड्यांच्या मंडळाचे सेक्रेटरी पुस्तक छापायला उतावीळ झाले होते. "ताई, त्रेसष्ट की चौसष्ट, एकदाचं सांगा आणि मला मोकळं करा."

ती सांगेना. कारण होतं बाबांची सवय. सीट बसवण्याआधी ते खालच्या फळीवर निळ्या पेन्सिलीने गाडीचा नंबर घालायचे आणि शेजारी घरची एक ओळ लिहायचे. अडतीस: "हिला आज बरं आहे." चाळीस: "थोरलीने आज स्वतः वेणी घातली. वाकडी आहे, पण सोडू देत नाही." बेचाळीसपासून पुढे दुसऱ्याचं अक्षर, नुसते नंबर. ती सात वर्षांची असताना बाबा कामावरच, शिवणयंत्रावर मान टाकून गेले. तेव्हा त्यांची शेवटची ओळ एक्केचाळीसच्या सीटखाली असणार, हे तिने मनाशी घट्ट धरलं होतं. मिळाल्या तेवढ्या ओळी तोंडपाठ होत्या, तरी तिचं मन भरत नव्हतं.

शेवटी, गाड्यांवर नंबर ठोकणारे ठोकेकाका एका वृद्धाश्रमात सापडले. नव्वदी गाठलेली, दात गेलेले, जीभ शाबूत.

"तू थोरली ना? वाकड्या वेणीची," ते म्हणाले. "त्याने सगळ्या कारखान्याला सांगितलं होतं."

"काका, एक्केचाळीस कुठे गेली?"

"जाते कुठे? बनलीच नाही ती."



"आमचं एक ठरलं होतं," काका म्हणाले. "कामावर असताना कोणी गेलं, की चालू नंबर त्याचा. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या करायच्या, आणि आपल्याला गाडीचा आरसासुद्धा परवडायचा नाही. निदान एक नंबर तरी आपला असावा की नाही? मी गाडीच्या नंबराच्या पट्टीवर एक्केचाळीस ठोकला आणि ती पट्टी तुझ्या बापाच्या शेवटच्या कपड्यांच्या खिशात घातली. पुढच्या गाडीवर बेचाळीस. मालकांना म्हटलं, मोजताना चुकलो. मनसोक्त शिव्या खाल्ल्या."

"मग त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं?"

"सीट शिवून व्हायच्या आधीच गेला तो. फळी कोरीच होती, पोरी."

ती तिथेच रडली, साठीची बाई, सात वर्षांच्या पोरीसारखी. काकांनी उगाच समजूत घातली नाही. नुसता हात धरून बसले.

घरी आल्यावर तिने सेक्रेटरींना फोन केला. "त्रेसष्ट बनल्या. पण पुस्तकातल्या यादीतून एक्केचाळीसची ओळ काढायची नाही. तेवढं माझ्यासाठी करा."

मग अठरा वर्षांच्या गाड्यांच्या नोंदींची वही उघडून तिने निळी पेन्सिल घेतली. एक्केचाळीससमोर, मालकाच्या रकान्यात लिहिलं, "बाबा." शेजारच्या शेऱ्याच्या रकान्यात थोडी जागा उरली होती. तिथे बारीक अक्षरात लिहिलं, "थोरलीची वेणी अजून वाकडीच येते."